३१६एलच्या नळ्यांची १४ महिन्यांत चाळण: आता कोणता धातू घ्यावा?

आंबटशौकीन (मंगळवार, रात्री ११:१०)

नमस्कार मंडळी. आयडी कॉलेजात असताना घेतला होता, धागा मात्र पोटापाण्याचा आहे.

रबाळ्याला आमचं लहान युनिट आहे. औषध कंपन्यांकडून वापरून झालेलं ॲसेटिक ॲसिड घ्यायचं, कॉलममध्ये (डिस्टिलेशनच्या उंच मनोऱ्यात) पाणी काढून ९९ टक्क्यांवर न्यायचं आणि विकायचं. गेल्या वर्षी रिबॉयलर, म्हणजे कॉलमच्या तळाचं द्रव स्टीमने उकळणारा नळ्यांचा हीटर, नवा केला. नळ्या ३१६एल स्टेनलेसच्या, जाडी २ मिमी. १४ महिने झाले आणि मालात पाणी वाढायला लागलं. आधी कॉलमला शिव्या घातल्या. मग एकदा स्टीम बंद असताना कंडेन्सेटला (स्टीम थंड होऊन झालेल्या पाण्याला) ॲसिडचा वास आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बंडल बाहेर काढलं तर १२० पैकी ३६ नळ्या गळक्या. बाकीच्या नळ्याही सरासरी ०.६ मिमी झिजलेल्या.

आता तीन माणसं तीन गोष्टी सांगतात. फॅब्रिकेटर म्हणतो आणखी भारी स्टेनलेस, ९०४एल घ्या. सल्लागार म्हणतात निकेलचा मिश्रधातू, हॅस्टेलॉय सी-२७६. शेठ म्हणतात, "साधं ३०४ लाव, दरवर्षी बदलू, दिवाळीला कपडे घेतो तसं."

माहिती: तळाचं तापमान ११८ ते १२५ अंश. येणाऱ्या मालात ॲसेटिक ६० ते ६५ टक्के, फॉर्मिक २-३ टक्के, बाकी पाणी. क्लोराइडसाठी प्रत्येक टँकरची गेटवर सिल्व्हर नायट्रेट टेस्ट होते, क्लोराइड असेल तर येणारा गढूळपणा कधीच येत नाही. याआधीचा रिबॉयलरही ३१६एलचाच होता, तो सात वर्षं चालला.

कोणता धातू घेऊ?

खाडीपलीकडचा (रात्री ११:२४)

आयडी आणि शीर्षकातली "चाळण" बघून भलत्याच अपेक्षेने धागा उघडला. निघाला रिबॉयलर. असो, वाचतोय.

शंकासुर (रात्री ११:३१)

शेठना सांगा ३०४ दिवाळीपर्यंतसुद्धा टिकणार नाही, गणपतीतच विसर्जन होईल.

वेल्डर_विठ्ठल (बुधवार, सकाळी ७:०५)

वागळे इस्टेटला २२ वर्षं फॅब्रिकेशन करतोय, म्हणून पहिला प्रश्न हा: नळ्या ३१६एल होत्याच कशावरून? एमटीसी कागद (मिलचं टेस्ट सर्टिफिकेट) आहे, कबूल. पण त्यावरचा हीट नंबर (वितळलेल्या लॉटचा क्रमांक) आणि नळीवरचा हीट नंबर कोणी जुळवून बघितला का? बाजारात ३०४ला ३१६ म्हणून खपवणारे आहेत आणि २०० सिरीजला ३०४ म्हणून खपवणारेही आहेत. पीएमआय (धातूत काय काय आहे याची तपासणी) करून घ्या, गन लावली की मॉलिब्डेनम लगेच दिसतो, तो ३१६मध्ये असतो, ३०४मध्ये नसतो.

लोहचुंबकावर विसंबू नका. ३०४ आणि ३१६ दोन्हींना चुंबक सहसा धरत नाही, आणि थंड अवस्थेत वाकवलेला अस्सल मालही थोडा धरतो.

निकेलदास (सकाळी ९:४०)

विठ्ठलभाऊ, आम्हा कळंबोलीच्या स्टीलवाल्यांवर एकदम असा घाव नको :) सगळेच तसले नसतात.

बाकी मुद्दा बरोबर आहे. त्यात माझी भर: ती क्ष-किरणांची गन कार्बन दाखवत नाही. म्हणजे ३१६ की ३१६एल हे तिला कळणार नाही. कार्बन ०.०३ टक्क्याच्या आत आहे का हे बघायचं तर स्पार्क मशिनवर तुकडा न्यावा लागतो.

दुसरं, ३१६एलमध्ये मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के चालतो. मिलवाला धर्मादाय दवाखाना चालवत नाही, तो २.०५ वर भट्टी थांबवतो. कागदोपत्री माल चोख, तक्रारीला जागा नाही. गरम ॲसेटिकसाठी ऑर्डरमध्ये "मॉली किमान २.५" असं लिहून मागा. युरोपियन नंबराने मागायचं तर १.४४०४ नको, १.४४३५.

मेतकूट (सकाळी १०:१५)

मला यातलं शून्य कळतं, पण विषय आंबटाचा आहे म्हणून विचारते. आमसुलाचा आगळ स्टीलच्या डब्यात ठेवला तर चालतो का? सासूबाई म्हणतात कळकतो. त्यांच्या मते सगळंच कळकतं.

आंबटशौकीन (सकाळी १०:४८)

@विठ्ठलभाऊ, @निकेलदास: पीएमआय केलं. मॉली २.१ आला. म्हणजे खोटा नाही आणि खराही नाही. जुन्या बंडलचा एक तुकडा भंगारात सापडला, त्यात २.२. म्हणजे फरक एवढाच असेल तर सात वर्षं आणि १४ महिने हे गणित काही बसत नाही.

झिरकॉन (सकाळी ११:३०)

मुळात ३१६एल का, हाच माझा प्रश्न. जगभरातले मोठे ॲसेटिक ॲसिड प्लँट मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइडपासून ॲसिड करतात, तिथे आयोडाइड असतं आणि रिॲक्टर झिरकोनियम किंवा हॅस्टेलॉय बी-२चा असतो. झिरकोनियमला ॲसेटिक आणि फॉर्मिक दोन्ही उकळतं चालतं. एकदाच खर्च करा आणि विसरून जा.

तुर्भेकर_काका (दुपारी १२:०२)

झिरकॉनराव, त्या प्लँटमध्ये जेवढ्याचा एक व्हॉल्व्ह असतो तेवढ्यात याचं अख्खं युनिट उभं राहिलं असेल. पोरगा स्कूटर दुरुस्तीला आलाय, त्याला विमान कशाला दाखवताय?

आणि बी-२ची शिफारस इथे करू नका. त्यात निकेल आणि जवळजवळ २८ टक्के मॉली, क्रोमियम नावालाच. हवा किंवा फेरिक आयन आत शिरला की तो झपाट्याने खातो. आणि वापरून झालेल्या ॲसिडमध्ये लोखंडाचा गंज हा पाहुणा नसतो, घरजावई असतो.

आता मूळ प्रश्न. मी तुर्भ्याला आणि पुढे तळोज्याला मिळून ३१ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. माणसं विचारतात, "ॲसेटिकला कोणता धातू?" तक्ता काढला की उत्तर मिळतं: थंडाला ३०४, गरमला ३१६एल. ते खोटं नाही. पण तक्त्यातलं ॲसिड बाटलीतलं असतं. तुझं ॲसिड कुठल्या तरी औषध कंपनीच्या चार रिॲक्शन फिरून आलंय. त्याच्या पोटात काय आहे, यावर धातू ठरतो.

जुनं बंडल सात वर्षं, नवं १४ महिने. धातू तोच, तापमान तेच, मग बदललं काय? मला तीन गोष्टी सांग.
पहिली, नळी कुठे खाल्ली आहे? सगळीकडे सारखी की एकाच उंचीवर? खड्डे आहेत का?
दुसरी, कॉलम व्हॅक्यूमवर घेतलात का, किंवा नायट्रोजन चालू केलात का?
तिसरी, माल देणारी पार्टी बदलली का?

शंकासुर (दुपारी १२:२०)

काका, दुसरा मुद्दा समजला नाही. नायट्रोजन तर सेफ्टीसाठी देतात. त्याने गंज कसा वाढेल? हवा गेली तर गंज कमी व्हायला हवा ना?

तुर्भेकर_काका (दुपारी १:१५)

लोखंडाला ते लागू आहे, स्टेनलेसला उलट. स्टेनलेस "स्टेनलेस" असतं ते अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे. तो पापुद्रा ओरखडला की पुन्हा धरायला थोडा ऑक्सिजन लागतो. उकळत्या ॲसिडमध्ये विरघळलेली हवा उरतच नाही, त्यामुळे तळाशी रिबॉयलर सगळ्यात उपाशी. तांब्याचं बरोब्बर याच्या विरुद्ध. हवा नसेल तर तांबं ॲसेटिकमध्ये छान टिकतं, आणि पूर्वी ॲसेटिकच्या भट्ट्या तांब्याच्याच असत. हवा लागली की हिरवं.

@मेतकूट ताई, तुमच्या सासूबाई बरोबर आहेत, फक्त भांडं चुकलं. कळकतं ते पितळेत. तांब्या-पितळेला आंबट आणि हवा दोन्ही लागली की तांबं उतरतं, ताक कळकतं, म्हणून तर कल्हई. कथिल असल्या सौम्य आंबटाला दाद देत नाही.

खाडीपलीकडचा (दुपारी १:३२)

मग रिबॉयलरमध्ये थोडी हवा सोडायची. प्रश्न मिटला.

क्षारकन्या (दुपारी १:५०)

@खाडीपलीकडचा, ॲसेटिक ॲसिडचा फ्लॅश पॉइंट (ज्याच्या वर त्याची वाफ हवेत पेट घेऊ शकते ते तापमान) ३९-४० अंश आहे आणि तुम्ही १२० अंशांच्या वाफेत हवा सोडताय. प्रश्न मिटेल, पण युनिटसकट. कृपया असले सल्ले हसत हसतसुद्धा देऊ नका, कोणीतरी रात्रपाळीला खरंच करून बघेल.

खाडीपलीकडचा (दुपारी १:५३)

शब्द मागे. कान पकडले.

आंबटशौकीन (दुपारी ३:४०)

काका, लंच टाइममध्ये टॉर्च घेऊन नळ्या बघून आलो.
१. सगळीकडे पातळ झाली आहे, पण भोकं पडली ती खड्ड्यांमुळे. खड्डे खालच्या ट्यूबशीटपासून (नळ्या जिथे बसवतात ती जाड प्लेट) हातभर उंचीपर्यंत, काळ्या चिकट थराखाली. वेल्डच्या कडेलाही आहेत, तिथे निळा-तपकिरी रंग तसाच आहे.
२. व्हॅक्यूम नाही. नायट्रोजन पूर्वीपासून आहे, टाकीवर.
३. पार्टी बदलली. साधारण दहा महिन्यांपूर्वी एक नवी पार्टी जोडली, आता निम्मा माल त्यांचा. पण त्यांच्या टँकरचीही क्लोराइड टेस्ट कोरीच येते.

वेल्डर_विठ्ठल (दुपारी ४:१०)

निळा-तपकिरी रंग तसाच ठेवलाय म्हणजे वेल्डनंतर पिकलिंग-पॅसिव्हेशन (ॲसिडने साफ करून पापुद्रा परत धरवणं) केलेलं नाही. त्या रंगाखाली क्रोमियम कमी झालेला असतो, ॲसिड तिथूनच तोंड घालतं. कोणी बनवलं विचारत नाही, पण पैसे वाचवलेत त्याने.

हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) कुठल्या पाण्याने केली? खाडीकाठचं बोअरचं पाणी भरून आठवडाभर तसंच ठेवणारे मी पाहिलेत. प्लँट सुरू व्हायच्या आधीच खड्ड्यांचं भूमिपूजन.

आंबटशौकीन (दुपारी ४:२२)

एमआयडीसीचं पाणी, त्याच दिवशी काढलं. तेवढं पुण्य आहे गाठीला.

निकेलदास (सायंकाळी ५:०५)

खड्डे + गरम = क्लोराइड. टेस्ट काहीही म्हणो. २२०५ डुप्लेक्स स्टेनलेस बघा. २२ क्रोमियम, ३ मॉली, नायट्रोजन वेगळा, आणि निकेल फक्त ५, म्हणून भाव ९०४एलपेक्षा आवाक्यात. ताणामुळे पडणाऱ्या भेगांसमोरही ३१६एलपेक्षा कितीतरी चांगला टिकतो.

वेल्डर_विठ्ठल (सायंकाळी ५:३०)

डुप्लेक्स चांगलाच, पण वेल्ड करणारा हात हवा. उष्णता जास्त झाली की त्यातल्या फेराइट आणि ऑस्टेनाइट या दोन फेजचा तोल जातो, मग कागदावर २२०५ आणि जोडावर भलतंच. फेराइट मोजून देणाऱ्याकडेच द्या.

झिरकॉन (सायंकाळी ६:१२)

टायटॅनियमचा कोणी विचारच केला नाही. क्लोराइडला टायटॅनियम घाबरत नाही, समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षं राहतं.

तुर्भेकर_काका (सायंकाळी ६:४०)

समुद्राचं पाणी वेगळं, गरम हायड्रोक्लोरिक वेगळं. मीठ आणि मिठाचं आम्ल यात जावा-जावांचं नातं आहे, वरून सारखं दिसतं. टायटॅनियम ॲसेटिकला उत्तम, पण हवा नसलेल्या गरम फॉर्मिकमध्ये त्याचा भरवसा नाही, आणि ऑक्झॅलिक तर त्याला सरळ खातं.

सेंद्रिय आम्लं म्हणजे एक कुटुंब आहे, पण स्वभाव एक नाही. फॉर्मिक सगळ्यात धाकटं आणि सगळ्यात तिखट. लॅक्टिक, सायट्रिक त्या मानाने सोज्ज्वळ. ॲल्युमिनियमचं बघा: ग्लेशियल (जवळजवळ पाणी नसलेलं) ॲसेटिक त्याच्या ड्रममध्ये खुशाल ठेवायचे. पण त्याच ॲसिडातलं शेवटचं पाणीही काढून टाकलं आणि गरम केलं तर ॲल्युमिनियम झपाट्याने जातं. पाणी वाढलं म्हणून धातू गेला हे सगळे ऐकतात, पाणी संपलं म्हणून गेला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही खरं वाटलं नव्हतं.

क्षारकन्या (रात्री ९:२०)

दिवसभर लॅबमध्ये होते, आता सविस्तर लिहिते. मी महाप्याला ॲनालिसिस करते आणि या धाग्यातलं एक वाक्य मला सकाळपासून टोचतंय: "सिल्व्हर नायट्रेट टेस्ट कोरी."

सिल्व्हर नायट्रेट फक्त मोकळा क्लोराइड आयन पकडतं. क्लोरीन जर सेंद्रिय रेणूला चिकटलेला असेल, उदाहरणार्थ मोनोक्लोरोॲसेटिक ॲसिड किंवा डायक्लोरोमिथेन, तर थंड नमुन्यात गढूळपणा येणारच नाही. गेटवरचा माणूस प्रामाणिकपणे "ओके" लिहितो. मग तो माल तुमच्या कॉलममध्ये जातो. मोनोक्लोरोॲसेटिकचा उत्कलनबिंदू १८९ अंश, ॲसेटिकचा ११८. म्हणजे ॲसेटिक वर जातं आणि हे तळाला साठत राहतं. दिवसचे दिवस १२० अंशांना, थोड्याशा पाण्यासोबत. तिथे तो क्लोरीन हळूहळू सुटतो आणि हायड्रोक्लोरिक तयार होतं, थेट तुमच्या नळ्यांच्या अंगावर. त्या काळ्या थराखाली तर आणखीच, कारण तिथलं द्रव बदलतच नाही.

नेमकं हेच झालंय असा दावा नाही. पण तपासायला सोपं आहे. गेटचा नमुना नको, रिबॉयलरच्या तळातला घ्या. कॉस्टिक सोडा घालून रिफ्लक्सखाली (वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्ये पडेल असं) तास-दोन तास उकळा, थंड करा, नायट्रिकने आम्लधर्मी करा आणि मग सिल्व्हर नायट्रेट घाला. सोबत एक कोरा (मालाशिवायचा) नमुनाही तसाच उकळा, म्हणजे कॉस्टिकमधल्या क्लोराइडने फसगत होणार नाही. नवी आणि जुनी पार्टी, दोघांचे नमुने वेगवेगळे. आणि नव्या पार्टीला विचारा की त्यांच्या प्रोसेसमध्ये फ्लोराइड आहे का. असेल तर ग्लासलाइन्ड (आतून काच चढवलेलं भांडं) आणि झिरकोनियम दोन्ही बाद.

शंकासुर (रात्री ९:३५)

ताई, दंडवत घ्या.

मेतकूट (रात्री ९:५०)

काहीच कळलं नाही पण रहस्यकथेसारखं वाचतेय. खुनी तळघरात लपलाय एवढं समजलं. पण माझ्या डब्याचं काय? गेल्या वर्षी लोणचं स्टीलच्या डब्यात भरलं होतं, तळाला बारीक बारीक टोचल्यासारखे डाग पडले.

तुर्भेकर_काका (रात्री १०:१०)

अहो मेतकूट ताई, तुम्ही आख्खा धागा एका ओळीत सांगितलात! लोणच्यात आंबट आहे आणि मीठ आहे. नुसत्या लिंबाने डब्याला काही झालं नसतं. आंबटाने पापुद्रा अशक्त केला, मिठातल्या क्लोराइडने भोक पाडलं. याच्या रिबॉयलरमध्ये तेच, फक्त १२० अंशांना. आगळातही मीठ घातलेलं असतं, तो बाटलीत ठेवा. लोणचं चिनी मातीच्या बरणीत. आम्ही त्याच बरणीला कारखान्यात ग्लासलाइन्ड रिॲक्टर म्हणतो आणि लाखांनी पैसे मोजतो.

खाडीपलीकडचा (रात्री १०:१४)

म्हणजे रिबॉयलर बरणीचा करायचा. वर दादरा बांधायचा.

निकेलदास (रात्री १०:३०)

हसताय, पण रेझिन भरलेल्या ग्रॅफाइटचे हीट एक्स्चेंजर मिळतात. ॲसेटिक आणि हायड्रोक्लोरिक दोन्ही सोबत असेल तर ते खरंच चालतात. ठिसूळ मात्र फार, स्पॅनर पडला की संपलं. मी धातू विकतो, तरी सांगतोय, नोंद घ्यावी.

आंबटशौकीन (शनिवार, रात्री ८:४५)

मंडळी, तीन दिवस गायब होतो. क्षारकन्या ताई, तुमचे पाय कुठे आहेत?

जुन्या पार्टीचा नमुना: उकळून जवळजवळ स्वच्छ. नव्या पार्टीचा: थंड असताना कोरा, उकळल्यावर पांढुरका. रिबॉयलरच्या तळाचा: दूध. अक्षरशः दूध, मग खाली दह्यासारखा साका. आमचा केमिस्ट फ्लास्क हातात धरून पाच मिनिटं नुसता बघत होता.

नव्या पार्टीने फोनवर आधी "आमच्याकडे क्लोरीन नाहीच" असं सांगितलं, मग "एका स्टेपला थोडं" असं, आणि शेवटी "तुम्ही कधी विचारलंच नाही." तेही खरंच आहे म्हणा. फ्लोराइड नाही असं लिहून दिलंय.

आता शेठ म्हणतात, एवढ्या स्वस्त दरात माल दुसरा कोणी देत नाही, पार्टी सोडायची नाही, सी-२७६ किती पडेल ते काढ. हेच शेठ मंगळवारी ३०४ म्हणत होते. सी-२७६ घ्यावा का?

तुर्भेकर_काका (रात्री ९:३०)

त्या दराचा हिशेब शेठना मांडून दाखव. नळीतून वर्षाला अर्धा मिमी गेला, तो कोणाच्या पैशाने गेला? माल स्वस्त होता, कारण त्याची उरलेली किंमत तुमचं बंडल भरत होतं.

सी-२७६ घेतलास तर टिकेल. १६ क्रोमियम, १६ मॉली, वर टंगस्टन, तो असल्याच खिचडी मालासाठी आहे. पण नळ्या सी-२७६ आणि बाकी कॉलम, पंप, पाइप सगळं ३१६एल. हायड्रोक्लोरिक काय फक्त नळ्याच बघून चावणार आहे? उद्या पंपाचं इंपेलर जाईल.

माझं ऐकशील तर मालाचे दोन रस्ते कर. जुन्या पार्टीचा माल आहे त्या कॉलममध्ये. बंडल ३१६एलचंच, मॉली २.५च्या वर, वेल्डनंतर पिकलिंग केलेलं, आणि तळाचा गाळ आठवड्याला काढायचा, महिनाभर शिजवत ठेवायचा नाही. नव्या पार्टीचा माल घ्यायचाच असेल तर छोट्या ग्लासलाइन्ड भांड्यात बॅच करून. दर त्याप्रमाणे मागायचा.

आणि तळाच्या नोझलमध्ये कूपन, म्हणजे वजन केलेले धातूचे तुकडे, लटकव. ३१६एल, २२०५, ९०४एल, सी-२७६, प्रत्येकी दोन, एक वेल्ड केलेलं. मध्ये टेफ्लॉनचे वॉशर, धातूला धातू लागू द्यायचा नाही. ५०० तासांनी वजन करायचं. मिग्रॅमधली घट गुणिले ८७.६, भागिले घनता, चौरस सेंमीमधलं क्षेत्रफळ आणि तास. उत्तर मिमी प्रतिवर्ष. ३० चौरस सेंमीच्या ३१६एल कूपनने ५०० तासांत १२० मिग्रॅ घालवले तर ०.०९ मिमीच्या आसपास येतं, तेवढं चालतं. पण वजन चांगलं आलं तरी भिंगाखाली खड्डे बघायचे. खड्ड्याला वजन नसतं.

वेल्डर_विठ्ठल (रात्री ९:४८)

काका +१. कूपन मी कापून, वेल्ड करून देतो, पैसे नकोत. फक्त आकडे इथे टाका.

झिरकॉन (रात्री १०:०५)

त्यात एक झिरकोनियमचंही लावा, माझ्याकडे तुकडा आहे. वाद मिटेल.

आंबटशौकीन (रात्री १०:४०)

ठरलं. काकांचा हिशेब शेठना दाखवला. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ग्लासलाइन्ड भांडं सेकंडहँड मिळतं का बघ." म्हणजे अर्धी लढाई जिंकली. विठ्ठलभाऊ, सोमवारी वागळेला येतो, मामलेदारची मिसळ माझ्याकडून. झिरकॉनराव, तुमचा तुकडाही लावतो.

क्षारकन्या (रात्री १०:५२)

सेकंडहँड ग्लासलाइन्ड घेताना स्पार्क टेस्ट (काचेवर विजेचा ब्रश फिरवून भोक शोधणं) केल्याशिवाय पैसे देऊ नका. काचेला टाचणीएवढा टवका असला तरी खालचं लोखंड महिन्यात जाईल.

आणि उद्यापासून गेटवरची टेस्ट बदला, ते सगळ्यात आधी.

मेतकूट (रात्री ११:०१)

बरणी घेतानाही सासूबाई टिचकी मारून आवाज ऐकतात.